रात्री अडीचचं कॅशलेस: मेडिक्लेमच्या इमर्जन्सी सेवेचा रिव्ह्यू

ठरवून केलेल्या ऑपरेशनला कॅशलेस मेडिक्लेम बहुतेक वेळा सुरळीत चालतो. मोतीबिंदू, हर्निया, गुडघा बदलणं यांचे कागद आधी जातात, मंजुरी हातात पडते आणि मग पेशंट दाखल होतो. सेवेचा खरा कस लागतो तो छातीत दुखतंय म्हणून किंवा बाथरूममध्ये पाय घसरून खुबा मोडला म्हणून रात्री अडीचला कॅज्युअल्टीत धावावं लागतं तेव्हा. टीपीए (विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारी संस्था) डेस्क बंद असतं, बिलिंग काउंटरवर एकच माणूस असतो आणि तो आधी डिपॉझिटचा आकडा सांगतो.

हा रिव्ह्यू एका कंपनीचा नाही. कॅशलेसच्या मुदती, वगळलेल्या बाबी आणि बिलातल्या न मिळणाऱ्या वस्तूंच्या याद्या विमा नियामक आयआरडीएआयने सगळ्यांसाठी जवळपास एकसारख्या ठरवल्या आहेत, त्यामुळे आरोग्य विम्याची इमर्जन्सीतली सेवा म्हणून तिचं एकत्र परीक्षण करता येतं. मत आधीच सांगतो: कागदावरचे नियम २०२४ नंतर खरोखर चांगले झाले आहेत. गाडी अडते ती हॉस्पिटल आणि कंपनी यांच्या मधल्या टप्प्यावर. आणि ग्राहकाच्या खिशातून सर्वांत जास्त पैसे जातात ते पहिल्या दोन-तीन तासांत, तीन गोष्टींमुळे: केसपेपरवर काय लिहिलं गेलं, दाखल करण्याचं कारण काय दाखवलं आणि खोली कुठली घेतली.

कॅज्युअल्टीचं बिल कोण भरतं?

साध्या पॉलिसीत नुसतं कॅज्युअल्टीचं बिल मिळत नाही. ईसीजी, रक्ताच्या तपासण्या, सलाईन, चार तास निरीक्षण आणि घरी रवानगी, हे सगळं ओपीडीत मोडतं. डे-केअर प्रक्रिया सोडल्या तर सलग २४ तास दाखल असण्याची अट असते. पेशंटला त्याच आजारासाठी पुढे वॉर्डात किंवा आयसीयूत दाखल केलं, तर कॅज्युअल्टीचा खर्च दाखल होण्यापूर्वीचा खर्च म्हणून धरता येतो. आरोग्य संजीवनीत (सगळ्या कंपन्यांची एकसारखी प्रमाणित पॉलिसी) हा काळ दाखल होण्याआधी ३० दिवस आणि डिस्चार्जनंतर ६० दिवस इतका आहे. इतर पॉलिसींत तो कमी-जास्त असतो. म्हणून कॅज्युअल्टीचा केसपेपर आणि पावत्या वेगळ्या फाइलला लावून ठेवा. अंतिम बिलात त्या आल्या नसतील तर नंतर रिएम्बर्समेंटला (आधी स्वतः भरून मग कंपनीकडून परत घेणं) टाकता येतात.

२४ तास मोजताना बहुतेक ठिकाणी आयपी नंबर (दाखल पेशंटचा नोंदणी क्रमांक) पडल्याची वेळ धरतात, कॅज्युअल्टीच्या दारात शिरल्याची नाही. रात्री अकराला आलेल्या पेशंटचं ॲडमिशन पहाटे चारला झालं आणि दुसऱ्या दिवशी रात्री बाराला त्याला सोडलं, तर घरच्यांच्या हिशोबाने एक दिवस उलटून गेलेला असतो, कागदावर मात्र वीसच तास दिसतात. डिस्चार्जची घाई आपणच करत असू, तर आधी ही वेळ पाहून घ्यावी.

छातीत दुखण्याच्या केसमध्ये आणखी एक खाच आहे. प्रमाणित वगळणुकींतली चौथी म्हणते की मुख्यतः तपासणी आणि निदानासाठी झालेल्या ॲडमिशनचे पैसे मिळणार नाहीत. ईसीजी, ट्रोपोनिन, टूडी एको सगळं नॉर्मल आलं आणि डिस्चार्ज समरीत फक्त ‘निरीक्षणासाठी दाखल’ एवढंच राहिलं, की क्लेम या कलमावर आपटतो. पेशंटला ऑक्सिजन लागला, शिरेतून औषधं दिली, दर तासाला बीपी-नाडी पाहावी लागली, हे झालेलं असतं, पण समरीत उतरलेलं नसतं. क्लेम तपासणारा ‘ॲक्टिव्ह लाइन ऑफ ट्रीटमेंट’, म्हणजे प्रत्यक्ष दिलेले उपचार, शोधत असतो. समरी हातात घेण्याआधी वाचा आणि दिलेले उपचार, तसंच ओपीडीत ते का शक्य नव्हते हे कारण, त्यात आहे का ते पाहा. नसेल तर डॉक्टरांना सांगून जागेवरच घालून घ्या. झालेल्या उपचारांचीच ती नोंद असते, त्यामुळे मागायला संकोच नको.

केसपेपरवरची एक ओळ

या सेवेतला सर्वांत धोकादायक कागद तोच, ज्याकडे घरच्यांचं सर्वांत कमी लक्ष असतं. आरएमओ (ड्यूटीवरचा निवासी डॉक्टर) घाईत विचारतो, “बीपी-शुगर काही आहे का?” सून किंवा शेजारी उत्तर देतात, “हो, असेल आठ-दहा वर्षं.” कागदावर उतरतं: ‘के/सी/ओ एचटीएन × १० वर्षे’, म्हणजे दहा वर्षांपासूनचा उच्च रक्तदाब. पॉलिसी चार वर्षांची आहे आणि ती घेताना भरलेल्या प्रस्तावात बीपी लिहिलेलं नाही. झालं, कंपनीकडून ‘माहिती दडवली’ असं पत्र येतं.

गोळ्या प्रत्यक्षात दोनच वर्षांपूर्वी सुरू झाल्या असतील, तर पहिल्या प्रिस्क्रिप्शनची तारीख हाच पुरावा. माहिती चुकीची दिली गेली असं लक्षात आलं की त्याच दिवशी उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर दुरुस्तीचं पत्र घ्यावं, त्यात आधीची नोंद कोणाच्या सांगण्यावरून झाली आणि आता कोणत्या कागदावरून बदलतोय ते स्पष्ट असावं. क्लेम नाकारल्यानंतर आणलेल्या पत्राला फारसं वजन उरत नाही. आजार खरंच जुना असेल आणि प्रस्तावात लपवलेला असेल, तर त्यावर पत्राचा उपाय नाही.

इथे नियम ग्राहकाच्या बाजूने बदललेत. पॉलिसी सलग ६० महिने चालली असेल, तर त्यानंतर माहिती दडवल्याचं कारण देऊन क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच येतो. पूर्वी ही मुदत आठ वर्षं होती. आधीपासूनच्या आजारांचा प्रतीक्षाकाळही जास्तीत जास्त ३६ महिने केला आहे, तो आधी ४८ होता. पॉलिसी एका कंपनीतून दुसरीकडे पोर्ट केली असेल तर आधीची वर्षं धरली जातात, म्हणून जुन्या पॉलिसीच्या प्रती फेकू नका.

अपघातात दुसरी ओळ घात करते: ‘श्वासाला दारूचा वास’. पेशंट प्यायलेला नसेल तर रक्ताची तपासणी त्याच वेळी मागा, सकाळी मागून उपयोग नाही. रस्ता अपघात, मारामारी, विषबाधा, भाजणं यांत एमएलसी (पोलिसांसाठीची वैद्यकीय-कायदेशीर नोंद) होते, तिचा नंबर लिहून घ्या. घरात पडून हाड मोडलं असेल तरी कंपनी ‘कुठे, कसं, कधी पडले’ याचा खुलासा मागतेच. साध्या कागदावर चार ओळी लिहून प्री-ऑथ (कॅशलेसच्या पूर्वमंजुरीच्या) फॉर्मबरोबरच दिल्या, तर एक क्वेरी वाचते.

खोली: बारा हजारांची हौस, अठ्ठेचाळीस हजारांचा फटका

जनरल वॉर्ड फुल्ल आहे, ट्विन शेअरिंगला वेळ लागेल, सिंगल रूम आत्ता रिकामी आहे. रात्री हे ऐकल्यावर माणूस ‘द्या हो’ म्हणतो. इथेच प्रपोर्शनेट डिडक्शन सुरू होतं, म्हणजे मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली की बिलातल्या इतर काही रकमाही त्याच प्रमाणात कापल्या जातात. आरोग्य संजीवनीत खोलीभाडं विमा रकमेच्या २ टक्के आणि कमाल रोज ₹५,०००, तर आयसीयू ५ टक्के आणि कमाल ₹१०,००० इतकं आहे. बऱ्याच जुन्या पॉलिसींत आणि काही कंपन्यांच्या ग्रुप पॉलिसींतही अशी मर्यादा असते.

हिशोब करून पाहू. ₹५,००० ची मर्यादा असताना ₹८,००० ची खोली चार दिवस घेतली. खोलीचे ₹३२,०००. सर्जन, भूल, ओटी, डॉक्टरांच्या व्हिजिट मिळून ₹९६,०००. औषधं आणि कन्झ्युमेबल (वापरून टाकायच्या वस्तू) ₹३८,०००, त्यांतलं ₹६,००० नॉन-पेएबल, म्हणजे विम्यातून न मिळणारं. तपासण्या ₹२२,०००. एकूण ₹१,८८,०००.

कंपनी खोलीचे ₹२०,००० धरणार. पाच भागिले आठ म्हणजे ६२.५ टक्के, त्याच प्रमाणात सर्जन-ओटी-व्हिजिटचे ₹९६,००० कापून ₹६०,००० करणार. औषधं ₹३२,००० आणि तपासण्या ₹२२,००० पूर्ण. बेरीज ₹१,३४,०००. त्यातून ५ टक्के को-पेचे (क्लेममधला ग्राहकाचा हिस्सा) ₹६,७०० वजा, हातात ₹१,२७,३००. खिशातून ₹६०,७००.

तोच पेशंट ₹५,००० च्या खोलीत असता, आणि हॉस्पिटलचे बाकीचे दरही त्या वर्गाप्रमाणे ₹६०,००० झाले असते, तर खिशातून फक्त ₹१२,७०० गेले असते. खोलीचा फरक ₹१२,०००, पण भुर्दंड ₹४८,०००. शिवाय रोज ₹५,००० पेक्षा महाग खोलीवर ५ टक्के जीएसटी लागतो, आयसीयू त्यातून वगळलंय.

क्लेमचा हिशोब आला की तो तपासा, कारण इथे चुका होतात. औषधं, कन्झ्युमेबल, इम्प्लांट आणि तपासण्या यांवर प्रमाणात कपात करता येत नाही. आयसीयूच्या शुल्कावरही नाही. आणि ज्या हॉस्पिटलात खोलीच्या वर्गाप्रमाणे बाकीचे दर बदलतच नाहीत, तिथे ही कपात मुळात लागूच होत नाही. अशा हॉस्पिटलचं दरपत्रक किंवा बिलिंगचं पत्र जोडून कापलेली रक्कम परत मागता येते. आपल्या मर्यादेतली खोली नसल्याने वरची घ्यावी लागली, तर हॉस्पिटलकडून ‘खोली उपलब्ध नव्हती’ असं लेखी घ्या आणि रिकामी होताच हलवण्याची विनंतीही लेखी द्या. कंपनी ते मानेलच असं नाही, पण तक्रारीत तो कागद कामाचा ठरतो.

एक तास, तीन तास

२९ मे २०२४ च्या परिपत्रकाने आयआरडीएआयने दोन घड्याळं लावून दिली. कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा. डिस्चार्जची अंतिम मंजुरी हॉस्पिटलची विनंती मिळाल्यापासून तीन तासांत. तीन तासांपलीकडे उशीर झाला आणि हॉस्पिटलने त्यासाठी जास्त पैसे लावले, तर ते कंपनीने भरायचे, तेही भागधारकांच्या निधीतून. उपचारांदरम्यान मृत्यू झाला तर कंपनीने क्लेम ताबडतोब हाताळून पार्थिव लगेच सोडवायचं. चांगला नियम आहे, मनापासून स्वागत करावा असा.

पण दोन्ही घड्याळं हॉस्पिटलने कागद पाठवल्यावर सुरू होतात. सकाळी दहाच्या राउंडला डॉक्टर ‘आज सोडू’ म्हणतात. मग फाइल वॉर्डातून खाली येते, उरलेली औषधं फार्मसीला परत जातात, समरी टाइप होते, कन्सल्टंटच्या सहीला थांबते, बिल बनतं. अंतिम बिल पोर्टलवर चढतं ते दुपारी तीनला. कंपनीने सहाला मंजुरी दिली तर ती वेळेतच आहे आणि पेशंट मात्र आठ तास कपडे बदलून बसलेला असतो. यातला हॉस्पिटलचा वेळ कुठल्याच मुदतीत मोजला जात नाही. या सेवेतला हा सर्वांत मोठा दोष आहे.

उपाय आदल्या संध्याकाळी करायचा. उद्या डिस्चार्ज आहे का ते विचारा, समरीचा मसुदा तयार करायला सांगा, औषधं परत करून फार्मसी क्लिअरन्स रात्रीच घ्या. सकाळी टीपीए डेस्कला एकच प्रश्न विचारा: फायनल बिल किती वाजता अपलोड झालं? कंपनीच्या ॲपवर किंवा मेसेजमध्ये ती वेळ दिसते, स्क्रीनशॉट घ्या. तीन तास उलटले आणि जादा भाडं लागलं, तर परिपत्रकाची तारीख लिहून कंपनीला ईमेल करा.

पहिल्या मंजुरीचा आकडा पाहून घाबरू नका. दोन लाखांच्या अंदाजावर ₹४०,००० आले, तर ती सुरुवातीची रक्कम असते. उपचार वाढतील तसं हॉस्पिटलने एन्हान्समेंट (मंजूर रकमेत वाढ) मागायचं असतं, आणि ते मागायला विसरतात, म्हणून रोज विचारत राहा. ‘कॅशलेस नाकारलं’ म्हणजे क्लेम नाकारला असंही नाही. पुष्कळदा त्याचा अर्थ ‘आत्ता माहिती अपुरी आहे, बिल भरा आणि रिएम्बर्समेंटला या’ एवढाच असतो. पत्रातली भाषा नीट वाचा.

हॉस्पिटल कंपनीच्या नेटवर्कमध्ये (करार असलेल्या यादीत) नसेल तरी कॅशलेस मिळू शकतं. जनरल इन्शुरन्स कौन्सिलने २५ जानेवारी २०२४ ला ‘कॅशलेस एव्हरीव्हेअर’ सुरू केलं. त्यात इमर्जन्सीत दाखल झाल्यापासून ४८ तासांत कंपनीला कळवायचं असतं. मात्र हॉस्पिटलनेही तयार असावं लागतं, आणि लहान हॉस्पिटलं सहसा नको म्हणतात. कळवण्याची आपल्या पॉलिसीतली मुदत वेगळी असू शकते, पुष्कळ ठिकाणी ती २४ तासांची असते. त्यामुळे दाखल होताच फोन किंवा ॲपवरून इंटिमेशन द्या आणि क्रमांक लिहून घ्या.

डिपॉझिट आणि बिलातली बारीकसारीक नावं

कॅशलेस असलं तरी हॉस्पिटलं डिपॉझिट घेतात. त्याची पावती ‘डिपॉझिट’ म्हणूनच घ्या आणि मंजुरीनंतर उरलेली रक्कम परत मागा, नाहीतर ती नॉन-पेएबलच्या नावाखाली हळूच वळती होते. एका घटनेसाठी दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख आयकर कायद्याने घेता येत नाही, म्हणून कार्ड किंवा यूपीआयच्या मर्यादा आधीच वाढवून ठेवलेल्या बऱ्या.

नॉन-पेएबलच्या चार याद्या आहेत. पहिलीत ६८ वस्तू: हातमोजे, डायपर, नेब्युलायझर किट, ऑक्सिजन मास्क, ईसीजीचे इलेक्ट्रोड, क्रेप बँडेज, तपशील नसलेलं कुठलंही ‘किट’. हे पैसे आपलेच जातात, कन्झ्युमेबलचं जादा कव्हर घेतलं असेल तर गोष्ट वेगळी. उरलेल्या तीन याद्या मात्र लोक वाचतच नाहीत. फाइल उघडणं, हातातला ओळखपट्टा, व्हिजिटर पास, डॉक्युमेंटेशन, डिस्चार्जची प्रक्रिया या सगळ्यांचा समावेश खोलीभाड्यात झालेला आहे (यादी दोन). रजिस्ट्रेशनचं शुल्क उपचारखर्चात धरलेलं आहे (यादी चार). ही शुल्कं वेगळी लावलेली दिसली तर ‘यादी दोन, यादी चार’ असं नाव घेऊन विचारा. नेटवर्क हॉस्पिटलने ठरलेल्या दरावरचा फरक पेशंटकडून घ्यायचा नसतो. मागितलाच तर लेखी मागा आणि तो कागद कंपनीला पाठवा.

स्टेंट बसवला असेल तर त्याची किंमत, ब्रँड आणि बॅच नंबर बिलात वेगळे दिसायला हवेत, फेब्रुवारी २०१७ पासून स्टेंटच्या किमतीवर सरकारी कमाल मर्यादा आहे. स्टिकर डिस्चार्ज पेपरवर लावून घ्या.

विमा नसेल किंवा पुरत नसेल

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता सर्व रेशनकार्डधारकांना लागू आहे आणि मर्यादा कुटुंबाला वर्षाला ₹५ लाख आहे. ती योजनेतल्या हॉस्पिटलात आणि योजनेतल्याच उपचारांना चालते, म्हणून दारातच योजनेचे मदतनीस ‘आरोग्यमित्र’ कुठे बसतात ते विचारा. इमर्जन्सीत फोनवरून नोंद करून उपचार सुरू करता येतात, कार्ड नंतर आणता येतं. हेल्पलाइन १५५३८८.

धर्मादाय हॉस्पिटलात १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत राखीव असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे ₹१.८० लाख आणि ₹३.६० लाख. अशा हॉस्पिटलने इमर्जन्सीतल्या गरीब पेशंटला डिपॉझिटसाठी अडवायचं नसतं, प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार द्यायचेच असतात. वाहन अपघात असेल तर मे २०२५ च्या केंद्रीय योजनेत अपघातापासून सात दिवस, ₹१.५ लाखापर्यंत, नियुक्त हॉस्पिटलात कॅशलेस उपचार मिळतात, विमा असो वा नसो.

क्लेम नाकारला तर

नकार लेखी मागा, आणि त्यात पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली हे लिहिलेलं हवं. २०२४ च्या परिपत्रकानुसार कंपनीच्या आढावा समितीच्या मंजुरीशिवाय क्लेम नाकारता येत नाही, त्यामुळे समितीने पाहिला का, हाही प्रश्न ईमेलमध्ये घाला. हॉस्पिटलकडून इनडोअर केसपेपरची पूर्ण प्रत घ्या, समरीतल्या त्रुटी बहुतेकदा नर्सच्या तासातासाच्या नोंदींनी भरून निघतात. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे आणि आयआरडीएआयच्या बिमा भरोसा पोर्टलवर तक्रार करा.

उत्तर पटलं नाही, किंवा महिनाभरात आलंच नाही, तर विमा लोकपाल. मुंबई, ठाणे आणि पुण्यात कार्यालयं आहेत, गोव्याच्या तक्रारी पुण्यात जातात. फी नाही, वकील चालत नाही, ₹५० लाखांपर्यंतचे वाद घेतात आणि कंपनीच्या नकारापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो. सुनावणीला केसपेपर, प्रिस्क्रिप्शन आणि ईमेल तारखेप्रमाणे लावून न्या. निकाल आपल्या बाजूने लागला आणि कंपनीने ३० दिवसांत तो पाळला नाही, तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाचे ₹५,००० तिने पॉलिसीधारकाला द्यायचे असतात.